मॉक टेस्टमध्ये कॉपी केली, आता विश्वास कसा ठेवू?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. चार महिन्यांनी तिची प्रवेश परीक्षा. दर रविवारी मॉक टेस्ट असते, एक घरून ऑनलाइन आणि पुढची केंद्रावर जाऊन. तिच्या बाबांनी भिंतीवर एक तक्ता लावलाय आणि दर रविवारी संध्याकाळी ते त्यात पर्सेंटाइल भरतात. ८२, ७४, ७९, असं वरखाली चाललं होतं. मागच्या महिन्यात घरून दिलेल्या मॉकमध्ये एकदम ९६ आले. आम्ही हुरळून गेलो, नातेवाइकांना फोन केले. पुढच्या रविवारी केंद्रावर ७१. मग कळलं की त्या ९६ वाल्या पेपरची उत्तरं तिला मैत्रिणीकडून आधीच मिळाली होती. विचारलं तेव्हा रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "निदान एक दिवस तरी घरात सगळे हसत होते."

तेव्हापासून बाबांनी तिच्याशी अबोला धरलाय. मी मधल्या मध्ये. ती म्हणते, केंद्रावर पेपर समोर आला की डोकं कोरं होतं. हे खरं की बहाणा? रात्री एक-एक वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसते, मग येत कसं नाही? ही परीक्षा तिच्या आवाक्याबाहेरची आहे का? की आम्हीच आणखी कडक व्हायला हवं? आणि जिने घरच्यांना फसवलं तिच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

– एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्यात आहे.

मॉक टेस्टमध्ये कॉपी करून काय मिळतं? जागा मिळत नाही, गुणवत्ता यादीत नाव येत नाही, कोणाचा हक्कही मारला जात नाही. मॉक असते ती मुलीला आपलं कच्चं कुठे आहे ते कळावं म्हणून. उत्तरं आधी बघून ती दिली तर नुकसान फक्त देणारीचं. मग १७ वर्षांची, चांगली समजणारी मुलगी असा आतबट्ट्याचा व्यवहार का करेल? तो आकडा तिच्यासाठी नव्हताच, म्हणून. तो भिंतीवरच्या तक्त्यासाठी होता. त्या रविवारी संध्याकाळी घराचं वातावरण कसं असणार हे तो आकडा ठरवत होता, आणि तुमच्या लेकीने तेवढी एक संध्याकाळ विकत घेतली. तिने ते लपवलंसुद्धा नाही. विचारल्यावर एका वाक्यात सांगून टाकलं.

हे फक्त मुलंच करतात असं समजू नका. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं, जे पुढे त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं: एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा फिरवण्याचा मोह वाढतो आणि ज्या गोष्टीचं माप घ्यायचं होतं तीच बिघडते. शाळांमधल्या चाचण्यांचं उदाहरण त्याने स्वतःच दिलं होतं. पुढे अमेरिकेतल्या अटलांटा शहरात त्याचा पडताळा आला. तिथे चाचण्यांच्या निकालावर शाळांचं नाव, बक्षिसं आणि नोकऱ्या अवलंबून होत्या. २००९ च्या परीक्षेत चक्क शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक अडकले, आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं. शिकलेली, पगारदार, मोठी माणसं. तुमची मुलगी तर घरातला एक रविवार बरा जावा एवढंच मागत होती.

थर्मामीटर बोटांनी घासला की पारा चढतो, ताप तेवढाच राहतो. घासणाऱ्या मुलीला ओरडण्याआधी या घरात तापाला इतकं कोण घाबरतंय ते बघायला हवं.

याचा अर्थ खोटेपणाकडे काणाडोळा करा असा नाही. एकदा, शांतपणे, डोळ्यांत बघून सांगा: "तू आम्हाला खोटं सांगितलंस, ते आम्हाला लागलं." एवढंच. त्यावर व्याख्यान नको, नातेवाइकांसमोर उल्लेख नको, आणि पुढच्या भांडणात ते पुन्हा बाहेर काढणं तर अजिबात नको. त्याच दमात दुसरं वाक्यही म्हणा, आणि ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे: "इथून पुढे मॉकचा आकडा आम्हाला सांगायची गरज नाही."

तक्ता काढा. तो बाबांनीच काढला तर उत्तम, कारण लावला त्यांनी. फार गाजावाजा न करता काढा.

आणि त्यांचा अबोला. स्पष्ट बोलते, रागावू नका. त्यांना राग कॉपीचा कमी आणि केलेल्या फोनांचा जास्त आला असावा. चार लोकांना अभिमानाने सांगितलं आणि तोंडघशी पडले, हे दुःख खरंच आहे. पण ते त्यांचं आहे, मुलीने फेडायचं कर्ज नाही. ती आधीच असं धरून चालली आहे की आकडा चांगला असेल तर घरात बोलणं-हसणं, नसेल तर नाही. रोजच्या अबोल्याने बाबा तिचा तो हिशेब बरोबर ठरवताहेत. त्यांना म्हणावं, परीक्षेचा विषय न काढता बोलायला सुरुवात करा. दुसऱ्या कशाबद्दलही. पहिले दोन दिवस अवघड जाईल.

आता त्या ८२, ७४, ७९ कडे वळू. पालकांचं बरंचसं रक्त या चढउतारात आटतं, आणि गंमत म्हणजे तुम्ही लिहिलेत त्या आकड्यांत चढउतार जवळजवळ नाहीच.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे तुम्हाला ठाऊक असेल. ८२ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी साधारण ८२ परीक्षार्थी तिच्या मागे किंवा बरोबरीला. गुणांच्या मधल्या पट्ट्यात मुलांची प्रचंड गर्दी असते, त्यामुळे तिथे गुण जरासे हलले की पर्सेंटाइल धाडकन हलतो. समजा एखाद्या पेपरात सरासरी १०० गुण आहेत आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, ३० आहे. गुणांचा आलेख नेहमीचा घंटेच्या आकाराचा धरला तर ८२ पर्सेंटाइलवरून ७४ वर यायला सुमारे ८ गुण पुरतात. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ अशी पद्धत असेल तर एक बरोबर येणारा प्रश्न चुकला की ५ गुण गेले. म्हणजे तुम्ही ज्याला 'घसरण' म्हणून आठवडाभर तोंड पाडून बसता, ती जेमतेम दोन प्रश्नांची गोष्ट आहे. एका ठिकाणी घाईत उणे चिन्ह राहिलं, दुसरीकडे 'यांपैकी कोणते अयोग्य' यातलं 'अयोग्य' वाचायचं राहून गेलं. झालं. त्यात दर मॉकला बसणारी मुलं वेगळी, पेपरची काठिण्यपातळी वेगळी. परीक्षा घेणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. अमेरिकेत १९२६ पासून चालत आलेल्या एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या निकालपत्रावर गुणांसोबत 'तुमची खरी पातळी या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल' अशी कक्षाही छापलेली असते. घरच्या तक्त्यात तेवढी जागा कोणी ठेवत नाही.

त्याच हिशेबाने पाहिलं तर ७४ आणि ९६ यांच्यात ३०-३५ गुणांचं अंतर पडतं. ते मात्र खरं अंतर आहे, दोन निसटत्या चुकांचं नाही. म्हणून आवाक्याचा प्रश्न असा सोडवा: घरून दिलेल्या मॉक बाजूला ठेवा, केंद्रावर दिलेल्या शेवटच्या पाच-सहा मॉकचे गुण (पर्सेंटाइल नव्हे, गुण) घ्या आणि मधला आकडा बघा. तुम्हाला हव्या त्या ठिकाणी गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवेश कुठे बंद झाला ते त्याच्याशेजारी मांडा. अंतर थोडं असेल तर चार महिने भरपूर आहेत. खूप असेल तर तेही कळलेलं बरं. पण हा हिशेब तिला सोबत घेऊन करा, तिच्या पाठीमागे नको.

'आवाका' म्हटलं की आपण लगेच बुद्धीवर घसरतो, म्हणून जाता जाता एक सांगते. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली गाजलेली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना शिकण्यात जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. गाळण्यासाठी नव्हे. चाचणीतला आकडा म्हणजे मुलाची कायमची इयत्ता, असं मानायला त्यांचा विरोध होता. मी परीक्षांच्या विरोधात नाही. हजारो मुलांमधून शेकडो निवडायची असतील तर सगळ्यांना एकच पेपर देणं हे ओळखीपाळखीने जागा वाटण्यापेक्षा कितीतरी बरं. पण एका सकाळच्या तीन तासांत मुलगी काय करते एवढंच तो पेपर मोजतो.

डोकं कोरं होणं. बहाणा नाही, मुळीच नाही. गणित सोडवताना आपण मधले आकडे, प्रश्नातल्या अटी, पुढची पायरी हे सगळं मनात तात्पुरतं धरून ठेवतो. ही जागा प्रत्येकाकडे थोडीच असते. 'आज परत कमी पडले तर?' हा विचारही तिथेच येऊन बसतो. प्रश्नासाठी जागा उरत नाही, आणि घरी सहज सुटलेलं गणित केंद्रावर परक्या भाषेत लिहिल्यासारखं दिसतं. १९०८ मध्ये यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते. चुकीच्या वाटेने गेलं की विजेचा सौम्य झटका. काम सोपं होतं तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. काम अवघड झालं तेव्हा मात्र जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं, मध्यम झटका बरा ठरला. उंदरांवरून मुलांबद्दल फार काही ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण 'आणखी कडक व्हावं का' असं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. तिचा पेपर सोपा नाही. झटकेही तिला पुरेसे बसून झालेत.

केंद्रावर काय करायचं ते तिला सांगा, किंवा हे पानच वाचायला द्या. पेपर हातात आला की पहिल्या प्रश्नाशी झटापट नको. पूर्ण पेपरावर एक फेरी मारायची आणि बघताक्षणी येतात तेवढेच प्रश्न सोडवायचे. अडला की खूण करून पुढे. पहिले आठ-दहा प्रश्न हातावेगळे झाले की जीव जरा भांड्यात पडतो. तरीही मध्येच कोरं झालं तर पेन खाली ठेवायचं, श्वास सावकाश, लांब सोडायचा, तीन-चार वेळा. मग कच्च्या कागदावर पक्कं पाठ असलेलं एखादं सूत्र लिहायचं. हात चालू लागला की डोकं मागोमाग येतं. अर्धा मिनिट जातो, पण घाबरून त्याच प्रश्नाकडे टक लावून बसण्यात पाच मिनिटं जातात. आणि घरची मॉक केंद्रासारखी द्यायची: त्याच वेळेला, टेबल-खुर्चीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मधे उठणं नाही.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली की गुण वाढतात, असंही तुमच्या वाचनात येईल. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तसा अभ्यास छापून आला होता आणि खूप गाजला. २०१८ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग जास्त मुलांवर पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तिला लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिहू दे. चमत्कार म्हणून तिच्या गळ्यात मारू नका.

रात्री एकपर्यंत जागूनही येत कसं नाही, याचं उत्तर बहुधा जागण्यातच आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते; त्यात कपात केली की दुसऱ्या दिवशीचा अभ्यास नुसता डोळ्यांखालून जातो. दुसरं म्हणजे, 'पुस्तक घेऊन बसते' असं तुम्ही लिहिलंय. ती काय करते ते एकदा नीट बघा. तेच पान तिसऱ्यांदा वाचत असेल, रंगीत पेनाने ओळी रंगवत असेल, तर ते सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग पान बंद करून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा रात्री साडेदहाला दिवा बंद, आणि दिवसा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवणं. सुरुवातीला तिला वाटेल, मला काहीच येत नाही. वाटू दे. ते खरं माप आहे आणि ते बघायला कोणी उभं नाही.

मॉक टेस्ट हीसुद्धा अशीच आठवून लिहायची संधी असते, फक्त तिच्यातला आकडा आपण उचलतो आणि बाकी सगळं टाकून देतो. तिला एक साधी वही करू दे. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच कारण लिहायचं: येतच नव्हतं, येत होतं पण गडबड झाली, की वेळ उरला नाही. तीन-चार मॉक झाल्या की चित्र दिसायला लागतं. एखादीच्या वहीत दिसतं की पहिल्या बारा प्रश्नांत ४० मिनिटं गेली आणि शेवटचे पंधरा वाचलेच नाहीत. तिला नवं काही शिकायची गरजच नसते. अडलेला प्रश्न सोडायला शिकलं की झालं. दुसरीची निम्मी वजाबाकी अंदाजपंचे मारलेल्या उत्तरांची असते. ही वही तुम्ही बघायची नाही. तिने आपणहून दाखवली तर बघा, आणि तेव्हाही आधी ऐका.

विश्वासाचं विचारलंत ना? तो इथूनच येईल. आकडा मागणारं कोणी उरलं नाही की तो खोटा सांगायचं कारणही उरत नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. ती जेवण टाळू लागली, मैत्रिणींशी बोलणं तोडलं, रोज सकाळी पोट दुखतं, दिवा बंद करूनही झोप लागत नाही, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काहीही बोलली, थट्टेतसुद्धा, तर तिला सरळ विचारा: "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने असे विचार डोक्यात भरत नाहीत. बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं किंवा ती गप्प राहिली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा तुमच्या डॉक्टरांना गाठा आणि तोवर तिला एकटं सोडू नका. 'परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू' हे या एका गोष्टीत चालत नाही.

नातेवाईक पुन्हा विचारतीलच, आता फोन तुम्हीच केले होते म्हटल्यावर. "अभ्यास चालू आहे, मॉकचे गुण आम्ही विचारणं बंद केलंय," असं तिच्या समोर सांगा. तिने ते ऐकायला हवं.

आणि दुसऱ्या पर्यायाचं आजच बघा. या एका परीक्षेखेरीज तिला आवडतील असे आणखी दोन-तीन अभ्यासक्रम तिलाच शोधायला सांगा आणि त्यांचे अर्ज भरून ठेवा. दुसरा पर्याय असला की मुलं ढिली पडतात, असं तिचे बाबा म्हणतील. माझा अनुभव उलटा आहे. पाठीशी काहीतरी आहे म्हटलं की पेपरसमोर हात कमी कापतो. मात्र अर्जांच्या मुदती आधी तपासा, त्यांतल्या बऱ्याचशा मुख्य परीक्षेचा निकाल लागायच्या आतच संपलेल्या असतात.